पाचचा भोंगा

सुझुनोने घर बदललं ते बुधवारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, एका हातात अर्धा खाल्लेला भाताचा गोळा धरून. सामान बांधलं नाही, टेम्पो आला नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निरोप घेतला नाही. मोबाईलवर ‘खातं हलवा’ असं लिहिलेली निळी कळ होती, ती अंगठ्याने दाबली, आणि जुन्या घराच्या दारावर आपोआप पाटी लागली की या बाई इथून गेल्या, आता तिकडे राहतात. मग तिने उरलेला गोळा खाल्ला. आतलं खारवलेलं आलुबुखार इतकं आंबट होतं की डोळ्यांत पाणी आलं. निदान तिने स्वतःला कारण तरी तेच सांगितलं.

ती ज्या जगात घर बदलत होती तिथे कुणी एक मोठा मालक नव्हता. हजारो लहानमोठे सर्व्हर होते, प्रत्येकाला आपापला चालक आणि आपापले नियम, पण कुठल्याही सर्व्हरवरचा माणूस दुसरीकडच्या माणसाशी बोलू शकायचा. गावं वेगवेगळी आणि टपाल एक, असं समजा. सुझुनोचं पहिलं घर दोन लाख माणसांच्या सर्व्हरवर होतं. तिथे सगळं होतं, फक्त तिचं बोलणं ऐकणारं कुणी नव्हतं. होता तो एकच. आणि त्याच्याचपासून ती पळत होती.

सुझुनो कुरोइवाला आवाज गोळा करायचा नाद होता. इसोनाका हे समुद्रकाठचं गाव, त्यामुळे आवाजांना तोटा नाही. बंदरात शेजारी शेजारी बांधलेल्या होड्या एकमेकींना घासतात तो आवाज, बर्फाच्या कारखान्यात लादी घरंगळते तो, गटाराच्या झाकणाखाली पाणी स्वतःशीच पुटपुटतं तो. शाळेतून सुटली की ती केसाळ टोपी घातलेला छोटा माईक घेऊन बंदरावर जायची. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, “आली बघ गटाराची डॉक्टरीण.” आधी सुझुनो मान खाली घालायची. या वर्षी, सोळावं लागल्यापासून, तिला काय झालं कोण जाणे, ती वळून म्हणायला लागली, “पेशंटची तब्येत उत्तम आहे, विचारल्याबद्दल आभार.” आणि गंमत म्हणजे पोरी हसायच्या, तिला नाही, तिच्याबरोबर.

असं सगळं छान चाललं होतं आणि सोमवारी तो निरोप आला.

त्याच्या खात्यावर पांढऱ्या क्लोव्हरच्या फुलाचं चित्र होतं आणि नावही तेच, शिरोत्सुमे. नऊ महिने तो तिचं प्रत्येक रेकॉर्डिंग ऐकत होता. पहिल्यांदा लिहिलं होतं, “तुझे कान चांगले आहेत.” त्या एका वाक्यावर सुझुनो आठवडाभर तरंगत होती. पुढे त्याचे प्रश्न सुरू झाले. कुठल्या बाजूचा समुद्र? शाळा सुटली की लगेच जातेस? एकटीच? तिने उत्तरं देणं कमी केलं तसे त्याचे प्रश्न लांब होत गेले. आणि सोमवारी :

“तुझ्या होड्यांच्या रेकॉर्डिंगच्या शेवटी पाचचा भोंगा येतो. एक नाही, दोन. धून तीच, पण दुसऱ्यातून जरा मागून येते. मी मोजलं. शून्य पूर्णांक सहा दशांश सेकंद. म्हणजे दोन भोंग्यांमध्ये दोनशे मीटर, आणि तू पहिल्याच्या अगदी खाली उभी असतेस. दुसरा उंचावर आहे, बहुतेक डोंगरावर. मध्ये पाणी. अशी गावं किती असतील? मी शोधतोय. मजा येतेय.”

पाचचा भोंगा कुठल्या गावात नसतो? त्सुनामीची सूचना द्यायला खांबांवर भोंगे लावलेले असतात, ते नीट चालतात ना हे पाहायला रोज संध्याकाळी पाचला एक धून वाजवतात, आणि खेळणारी पोरं ती ऐकून घरी पळतात. सुझुनो ती धून जन्मल्यापासून ऐकत होती. इतकी रोजची की रेकॉर्डिंगमध्ये ती आहे हे तिला ऐकूच आलं नव्हतं. चांगल्या कानांची ही तऱ्हा.

त्याला ब्लॉक करावं असं वाटलं. पण ब्लॉक केलं की त्याला कळणार, कळलं की चिडणार, आणि चिडला तर आणखी जोमाने शोधणार. म्हणून तिने ठरवलं, भांडण नको, दार आपटायला नको, गुपचूप घरच बदलू. मंगळवारभर शोधल्यावर तिला मिमिझुकु सापडलं.

मिमिझुकु म्हणजे कान असलेलं घुबड. त्रेचाळीस माणसांचा चिमुकला सर्व्हर, आणि सगळे आवाज गोळा करणारे. कुणी लिफ्टचे, कुणी जुन्या शिलाई मशिनचे, एक आजोबा तर फक्त वेगवेगळ्या जिन्यांवर स्वतःच चालल्याचे. सुझुनो वाचता वाचता जागेवर उड्या मारायला लागली. जगात त्रेचाळीस गटाराचे डॉक्टर होते. आत यायचं तर नऊ नियम वाचून ‘मान्य’ म्हणायचं होतं. तिने एका सपाट्यात बोट वरून खाली फिरवलं आणि मान्य म्हणून टाकलं. नियम काय, सगळीकडे सारखेच असतात. भांडू नका, घाण करू नका.

बुधवारी दुपारी निळी कळ दाबल्यावर तिने लिहिलं, “नवीन आले आहे. बंदर आणि गटार यांची आवड आहे.”

दोन मिनिटांत उत्तर. मुळ्याच्या लोणच्याचं चित्र, नाव ताकुआन. “गटारवाल्यांची आमच्याकडे कमी होती. माझ्याकडे लोणच्याच्या बरणीचे बुडबुडे आहेत, एकशेबारा दिवसांचे. ऐकणार का?”

“एकशेबारा दिवस?”

“घाबरू नको, बायकोसुद्धा हेच म्हणाली होती. ती आता माहेरी आहे.”

खाली तिसऱ्या कुणीतरी लिहिलं, “खोटं बोलतोय. बायको इथेच सभासद आहे. मीच ती.”

सुझुनो तासाच्या वेळी पुस्तकाआड इतकी हसली की इतिहासाच्या सरांनी विचारलं, “कुरोइवा, या दुष्काळात हसण्यासारखं काय झालं?” घरी जाताना तिला वाटलं, हेच ते. इतके दिवस जे शोधत होते ते हेच.

गुरुवारी शाळा सुटल्यावर तिने बुटाच्या कपाटापाशी उभं राहून मोबाईल उघडला. एकसष्ट नव्या सूचना. तिला आनंदच झाला, एका दिवसात एकसष्ट जण? मग नावं ओळखीची वाटायला लागली. ही सगळी जुन्या घरातली माणसं होती. निळ्या कळीचं कामच ते होतं. ती तुम्हाला हलवते आणि तुमच्या मागे असलेल्या सगळ्यांचा हात धरून त्यांनाही नव्या दारात आणून उभं करते. कुणाला विचारत नाही, तुम्हाला तर नाहीच. फक्त ज्यांना आधी ब्लॉक केलंय ते मागे राहतात. आणि सुझुनोने, भांडण नको म्हणून, कुणालाच ब्लॉक केलं नव्हतं.

यादीत एकोणिसावं, पांढरं फूल.

खाली निरोप. “नवं घर छान आहे. मला पत्तासुद्धा शोधावा लागला नाही.”

सुझुनोचा एक बूट पायात होता आणि एक हातात. तो घालायचा असतो हे तिला काही वेळ आठवेना. तिने तिथेच उभ्या उभ्या जुन्या घरात राहिलेलं होड्यांचं रेकॉर्डिंग पुसलं. मग बर्फाच्या कारखान्याचं. मग सगळीच, एकामागून एक, नऊ महिन्यांची.

शेवटचं पुसून झालं आणि उत्तर आलं. तो बघत बसला होता.

“का पुसतेस? तुझ्या घरातून गेली, माझ्याकडे आहेत. असो, आता गरज नाही. दोन भोंगे, मध्ये पाणी, आणि बर्फाचा कारखाना. एकच गाव उरलं. शनिवारी पाचला येईन. तूही ये. रोज येतेसच की.”

त्या दिवशी ती बंदरावरून गेली नाही. मागच्या चढावरून, देवळाला वळसा घालून गेली. तरी पाच वाजलेच. बंदराचा भोंगा सुरू झाला, मागून डोंगराचा, आणि सुझुनोला पहिल्यांदा ते दोन ऐकू आले. इतके स्पष्ट, की आजवर एक कसा वाटला याचं नवल वाटावं. जणू एक माणूस बोलतोय आणि पाठोपाठ दुसरा त्याचंच बोलणं म्हणून दाखवतोय. ती पळत सुटली.

घरी कुणी नव्हतं. आई मासळीच्या वड्यांच्या कारखान्यातून साडेसहाला यायची. सुझुनोने दाराला कडी लावली, खिडकीला लावली, संडासाच्या झडपेलाही लावली, आणि टेबलाखाली बसून मिमिझुकुच्या चालकाला निरोप लिहिला. चालकाला सगळे बान्दाई-सान म्हणत, म्हणजे न्हाणीघराच्या दारातल्या बाई. ही बाई खरोखरच उत्तरेकडच्या कुठल्याशा गावात सार्वजनिक न्हाणीघर चालवायची. दारापाशी उंच बैठकीवर बसून पुरुष कोण, बायका कोण, कोण कुठल्या दाराने आत जातंय यावर नजर ठेवायची. सर्व्हरही तशीच चालवायची.

सुझुनोने सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, “माझ्यामुळे इथे असा माणूस आला. मी निघून जाते. माफ करा.”

उत्तर यायला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत सुझुनोने स्वतःला मिमिझुकुमधून हाकलूनही टाकलं, नव्याने एकटी झाली, आणि गटाराला माईक लावणं कायमचं सोडूनही दिलं.

“पोरी,” बान्दाई-सानने लिहिलं, “आधी सांग, दाराला कडी आहे का?”

“आहे.”

“जेवलीस?”

“नाही.”

“बरं. आता दुसरं. तू आत येताना नियम वाचलेस का?”

सुझुनोने ‘हो’ लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं.

“म्हणजे नाही. चौथा वाच. मग सातवा.”

तिने वाचलं. चौथा : रेकॉर्डिंगमध्ये पाचचा भोंगा असेल तर कापून टाका, मग लावा. सातवा : दुसरीकडून येत असाल तर खातं हलवायची कळ दाबण्याआधी चालकाला कळवा, मागे कोण कोण येणार हे आपण दोघं मिळून बघू.

दोन ओळी. टेबलाखाली बसून सुझुनोला स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली.

“तुला रागावत नाहीये,” बान्दाई-सान लिहीत होती. “सगळेच न वाचता आत येतात. माझ्या न्हाणीघरात ‘आधी अंग धुवा, मग हौदात उतरा’ असं चाळीस वर्षं लिहिलंय, तरी लोक सरळ उडी मारतात. त्या फुलाला मी दाराबाहेर काढलं. तुझा शब्द आता त्याच्यापर्यंत जाणार नाही आणि त्याचा तुझ्यापर्यंत येणार नाही. त्याच्या सर्व्हरच्या चालकालाही कळवलंय. नवं नाव घेऊन आला तर माझ्या हातूनच आत यावं लागेल. पण एक ऐक. हे दार माझं आहे. तुझ्या घराबाहेरची गल्ली माझी नाही. तिथे मी काहीही करू शकत नाही. त्याचे सगळे निरोप जपून ठेव, एकही पुसू नको, आणि आज आईला सांग.”

“आईला नको.”

“का?”

“ती मोबाईल काढून घेईल. मग मिमिझुकुपण जाईल.”

“जाईलही,” बान्दाई-सानने लिहिलं. “तरी सांग.”

सुझुनोने सांगितलं नाही. गुरुवारी आई दमून आली होती, हे एक कारण. शुक्रवारी सकाळी घाई होती, हे दुसरं. शुक्रवारी दिवसभर ती वर्गात अशी बसली होती की कुणी गटाराची डॉक्टरीण म्हटलं तरी तिला ऐकू आलं नाही. शाळेच्या फाटकासमोर पेयांचं मशीन आहे, तिथे एक माणूस उभा होता, बराच वेळ, कुठलं बटण दाबावं ते ठरत नसल्यासारखा. सुझुनो दोन मोठ्या पोरींच्या मधोमध घुसून चालली. तो माणूस त्यांच्या गणिताच्या सरांचा भाऊ निघाला. मग तांबड्या टोपीचा एक, मग सायकलवरचा एक. गावात एवढे पुरुष आहेत हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

पाचला भोंगे वाजले तेव्हा ती घरात, उशीखाली डोकं घालून होती. ते उशीतूनही आले, पहिला, मग दुसरा. उद्या हेच वाजतील तेव्हा तो खाली उभा असेल.

साडेसहाला आई आली, किओए तिचं नाव, अंगाला मासळीच्या वड्यांचा वास, पायात अजून कारखान्याचे रबरी बूट. ती उभ्या उभ्याच कांद्याची पात कापायला लागली. ती फार जोरात कापते, फळी दणदणते.

“आई.”

“भाताचा कुकर लावलास?”

“नाही. आई, एक जण उद्या येणार आहे.”

“कोण एक जण? जेवायला?”

“मला ओळखत नाही तो. म्हणजे मी त्याला ओळखत नाही. तो मला ओळखतो.”

फळी थांबली. सुझुनोने सांगायला सुरुवात केली ती मधूनच, मग मागे गेली, मग निळ्या कळीवर आली, मग पुन्हा भोंग्यावर. आईला सर्व्हर म्हणजे काय ते कळत नव्हतं, फॉलोअर म्हणजे काय तेही कळत नव्हतं, पण ती मध्ये एकदाही बोलली नाही. सुरी हातातच होती. सगळं संपल्यावर ती म्हणाली, “ते वाजव.”

“काय?”

“ज्यावरून त्याने गाव ओळखलं ते.”

मूळ रेकॉर्डिंग सुझुनोच्या यंत्रात होतं. तिने लावलं. होड्या एकमेकींना घासत होत्या, दोर करकरत होता, कुठेतरी एक घार. आई डोळे मिटून ऐकत होती. सुझुनोने जमवलेला एकही आवाज तिने आजवर ऐकला नव्हता. शेवटी भोंगा आला, मागून दुसरा.

“हे चांगलं आहे,” आई म्हणाली. “होड्यांचं.” मग सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. “चल. मोबाईल घे.”

“काढून घेणार?”

“आधी नागात्सुका-सानना दाखवू. काढून घ्यायचं नंतर बघू. मी बूट काढलेच नाहीयेत, बरंच झालं.”

बंदराच्या तोंडाशी गावची पोलीस चौकी आहे. नागात्सुका हवालदार पुढच्या खोलीत बसतो आणि मागच्या दोन खोल्यांत बायकोबरोबर राहतो. त्याने प्रत्येक निरोप दोनदा वाचला आणि वहीत हाताने उतरवून घेतला. हळूहळू, जीभ दातांत धरून.

“येईलच असं नाही,” तो म्हणाला. “असे बरेच नुसते लिहितात.”

“आणि आलाच तर?” आईने विचारलं.

“तर मीही येईन की. मला कुठे लांब जायचंय.”

शनिवारी साडेचारला सुझुनो चौकीच्या मागच्या खोलीत बसली होती. खिडकीला फुलाफुलांचा पडदा, त्याला बोटभर फट. समोर धक्का, होड्या, आणि भोंग्याचा खांब. हवालदाराची बायको तिच्यासमोर सातूचा चहा ठेवून एकसारखी बोलत होती.

“चहा घे. थंड होतोय. आमच्याकडे मागच्या वर्षी रानडुक्कर आलं होतं, बघितलंस ना, अगदी या खांबापर्यंत. हे सायकलवरून त्याच्यामागे गेले. म्हटलं, अहो, पकडून करणार काय? तर म्हणतात, नाव लिहून घेणार.”

सुझुनोला हसू आलं, आणि अर्ध्यावरच थांबलं.

धक्क्यावर एक माणूस आला होता. बसच्या थांब्याकडून, सावकाश. चाळिशीचा असेल. स्वच्छ जाकीट, भांग पाडलेला, हातात कागदी पिशवी. दातांच्या दवाखान्यात नाव पुकारणारे असतात ना, तसा. तो होड्यांकडे बघत चालत आला आणि खांबाच्या अगदी खाली, सुझुनो जिथे रोज उभी राहते बरोबर त्या जागी, उभा राहिला. त्याने पिशवीतून माईक काढला. केसाळ टोपीचा. राखाडी. तिच्या माईकसारखाच. त्याला कसं कळलं असेल? की नुसताच योगायोग? सुझुनोला यातलं काय जास्त भयानक आहे ते ठरवता येईना. हवालदाराच्या बायकोने उठून खोलीतला दिवा मालवला.

तो आजूबाजूला बघत होता. धक्का, कारखाना, चौकी. खिडकीवरून त्याची नजर गेली. फट बोटभरच होती. सुझुनोने श्वास घेतला नाही.

पाच वाजले. पहिला भोंगा, मागून दुसरा. त्याने माईक वर धरला आणि डोळे मिटले. अगदी काल आईने मिटले होते तसे. चेहऱ्यावर खरोखरचा आनंद. ती धून पाऊण मिनिटाची आहे. सुझुनोच्या आयुष्यात ती एवढी लांब कधीच नव्हती.

संपली तेव्हा नागात्सुका-सान सायकल हातात धरून त्याच्या शेजारी उभा होता. आणि दुसऱ्या बाजूने, बर्फाच्या कारखान्याच्या कोपऱ्यावरून, आई चालत येत होती. कामाचा एप्रन, रबरी बूट. तिने थांबायचं ठरलं होतं, चालत जायचं ठरलं नव्हतं.

खिडकीची काच पातळ होती, शब्द येत होते.

“काय चाललंय?” हवालदार.

माणूस नम्रपणे वाकला. “आवाज रेकॉर्ड करतोय. छंद आहे माझा.”

“कशाचा आवाज?” हे आईने विचारलं.

“पाचच्या भोंग्याचा.”

“झाला?”

“हो.”

“तो कशासाठी वाजतो ठाऊक आहे?”

त्याने माईक पिशवीत घातला.

“घरी जा म्हणून वाजतो,” आई म्हणाली. “लहान पोरांनासुद्धा कळतं. पाच वाजले. जा घरी.”

ती ओरडली नाही. दुकानात उरलेली मासळी मोजून सांगावी तशी म्हणाली.

नागात्सुका-सानने वही काढली आणि त्याचं नाव, पत्ता लिहून घेतला. हळूहळू, जीभ दातांत धरून. मग ते निरोप त्याच्यासमोर वाचले, एकेक. माणसाने दोनदा कपाळ पुसलं. पाच पस्तीसच्या बसने तो गेला. हवालदार बस वळणाआड जाईपर्यंत थांब्यावर उभा होता.

“परत येईल?” सुझुनोने विचारलं.

“आता नाव माहीत आहे,” नागात्सुका-सान म्हणाला. येणार नाही असं तो म्हणाला नाही, हे सुझुनोच्या लक्षात आलं.

रविवारी आईने चष्मा लावला आणि मोबाईल स्वतःसमोर ठेवून मिमिझुकुचे नऊच्या नऊ नियम वाचले, ओळीवर बोट ठेवून.

“हे सगळं वाचून मग हो म्हणालीस ना?”

सुझुनो टेबल पुसायला लागली.

“म्हणजे नाही.” ती चौथ्यावर परत गेली. “हा भोंग्याचा नियम कुणामुळे केला?”

“माहीत नाही.”

“विचार.”

सुझुनोने विचारलं. बान्दाई-सानचं उत्तर दोघींनी मिळून वाचलं. “आमच्यात एक पोरगी होती, तुझ्यापेक्षा थोडी मोठी. पाऊलवाटांचे आवाज गोळा करायची. भोंग्यावरून तिलाही एक जण शोधत आला, पण तिने कुणाला सांगितलं नाही. तिला काही झालं नाही, जिवंत आहे, बरी आहे. पण आता ती काहीच रेकॉर्ड करत नाही. कानात कापूस घालून फिरते म्हणे. म्हणून लिहिला.”

आईने चष्मा काढला. मोबाईल उचलला, आणि सुझुनोला वाटलं, गेला. आईने तो तिच्या पुढ्यात सरकवला.

“या बाईचं न्हाणीघर कुठे आहे ते विचारू नको,” ती म्हणाली. “आणि आपलं गाव सांगू नको. बाकी चालू दे.”

सोमवारी शाळेतून सुझुनो मागच्याच वाटेने आली. बंदरावर जायची हिंमत झाली नाही. उद्याही होईल असं वाटत नव्हतं. आईला सुट्टी होती, ती कांद्याची पात कापत होती. सुझुनोने माईकला टोपी चढवली आणि तो फळीजवळ ठेवला.

“हे काय?” आई म्हणाली.

“काप. बोलू नको.”

घड्याळ भिंतीवर होतं. चार एक्केचाळीस, चार बेचाळीस. फळी दणदणत होती. तिला कुठेतरी बस थांबल्यासारखं वाटलं, पण ती बस नव्हती, शेजारचं धुण्याचं यंत्र होतं. चार त्रेचाळीसला तिने रेकॉर्डिंग बंद केलं. मग पुन्हा सगळं ऐकलं, भांडी ठेवायच्या कपाटात डोकं घालून, तीन वेळा, एखादा आवाज लपून तर बसलेला नाही ना हे बघायला. मग लावलं, फक्त मिमिझुकुमधल्यांना ऐकू येईल असं. पाच वाजायला अजून काही मिनिटं होती.

सगळ्यात आधी ताकुआनचं उत्तर आलं. “तुझ्या घरात कुणाचा तरी खून होतोय.”

“कांद्याच्या पातीचा,” सुझुनोने लिहिलं.

खाली त्याच्या बायकोने लिहिलं, “शेवट एकदम कापलाय. बरोबर कापलास.”

पाच वाजले, पहिला भोंगा आला, मागून दुसरा. सुझुनो मोबाईल घट्ट धरून तो संपायची वाट बघत बसली.